वरचा खिसा

ऐकलेलं काही निसटलं की हंबीरराव चौगल्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. सिग्नलला एखादा रिक्षावाला बाजूच्याला शिवी देऊन गेला आणि ती शिवी जरा वेगळ्या वळणाची निघाली, तर हे गृहस्थ स्कूटर कडेला घेणार, शर्टाच्या वरच्या खिशातनं कार्ड काढणार आणि हेल्मेट न काढता लिहिणार. मागनं हॉर्न वाजोत नाहीतर कुणी यांच्याच नावानं शिमगा करो. केलाच तर आणखी एक कार्ड. माणसानं नाद करावा, पण इतका? त्यांची बायको संयोगिता हेच विचारायची, आणि ती पडली कबनूरची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळं तिचं विचारणं अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

बरं, नाद वाया गेला असंही म्हणता यायचं नाही. तीन कादंबऱ्या झाल्या, आणि तिन्ही वाचून लोक एकच म्हणाले, काय बोलतात हो तुमची माणसं. कॉलेजातनं रिटायर झाल्यावर तर हंबीररावांना नवा उद्योगच मिळाला. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासचा हॉल रविवारी सकाळी मोकळा असायचा. तिथं ते नव्या लेखकांना टिपणं कशी काढायची ते शिकवायला लागले. शाळामास्तर, बँकवाले, एक एसटीचा कंडक्टर, दोघी-तिघी घर सांभाळणाऱ्या बायका, अशी माणसं ‘नीट’ आणि ‘जेईई’ परीक्षांच्या तक्त्यांखाली बसून वह्या उघडायची, आणि हंबीररावांचं पहिलंच वाक्य असायचं, वह्या मिटा.

वहीवर त्यांचा फार राग. काल ऐकलेलं वहीत आजच्याखाली गाडलं जातं, म्हणायचे, आणि पाहिजे तेव्हा बापजन्मात सापडत नाही. त्यापेक्षा कार्ड घ्या. एका कार्डावर एकच गोष्ट. उजवीकडं गाव, डावीकडं बोलणाऱ्याचं नाव आणि खाली तो बोलला तसंच्या तसं, तुमची अक्कल न घालता. त्यांच्या घरी अशी कार्डं बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली होती. रागाचं खोकं वेगळं, लग्नाचं वेगळं, शेताचं वेगळं, मरणाचं वेगळं. पुढं मोबाईल आला, तोही ते शिकले. कार्डांचे फोटो अॅपमध्ये घातले, प्रत्येकाला खूण लावली, आणि नुसतं ‘सासू’ टाइप केलं की जिल्ह्यातल्या सगळ्या सासवा पडद्यावर हजर. हे करून दाखवलं की वर्ग खूश व्हायचा. काम नेकीचं होतं, त्यात शंका नाही. पण आपल्याच कामावर माणूस फार खूश झाला की त्याला आजूबाजूचं कमी दिसायला लागतं, तसं त्यांचं झालं होतं.

एका रविवारी राजनंदिनी नावाच्या बाईनं हात वर केला. ती एका दवाखान्यात नर्स होती आणि आपल्या आजीवर कादंबरी लिहीत होती.

“सर, आजी तशी मस्त बोलती. पण मी मोबाईल पुढं धरला की गप्प बसती, न्हायतर टीव्हीवरच्या बाईसारखं बोलाय लागती. काय करू?”

“पुढं धरूच नका,” हंबीरराव म्हणाले. “वरच्या खिशात ठेवा. माइकची बाजू वर. कापड पातळ पाहिजे, सुती असलं तर उत्तम.”

“माझ्या ड्रेसला खिसा न्हाय की सर.”

“मग शिवून घ्या.”

वर्ग हसला. हंबीररावही हसले.

“पण तिला न सांगता?” राजनंदिनीनं विचारलं.

“सांगा की. पण मागनं सांगा. आधी तिला बोलू द्या. माणूस मोकळं होऊन बोलतं ते एकदाच. पुन्हा विचारायला गेलात तर मिळतं ते शिळं.”

हे त्यांनी इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं, की कंडक्टरनं ते लगेच कार्डावर उतरवून घेतलं.

त्यांच्या स्वतःच्या मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू झालं की ‘टिंग’ असा आवाज व्हायचा. तो बंद करता येत होता, पण त्यांनी मुद्दाम ठेवला होता. आजऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं दुपारभर तोंड भरून गोष्टी सांगितल्या होत्या आणि घरी येऊन बघतात तर बटण दाबलंच गेलं नव्हतं. तेव्हापासनं आवाज चालू. बोलता बोलता खिशात हात घालायचा, टिंग ऐकू आली की निश्चिंत. समोरच्याला वाटायचं, कुणाचातरी मेसेज आला असेल.

संयोगिता सोडली तर या टिंगचा अर्थ पक्का ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण तानाबाई. तिला ते आक्का म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा हंबीरला आंघोळ घालण्यापासनं शाळेत धाडण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. पुढं ती लग्न होऊन बिद्रीला गेली. नवरा ज्ञानदेव कारखान्यात कामाला. भला माणूस, बोलणं कमी. सगळं बोलणं आक्काकडं. तीन कादंबऱ्यांमधल्या बायका ज्या तोंडानं बोलल्या ते तोंड आक्काचं होतं, हे हंबीरराव भाषणात मोठेपणानं सांगायचे. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती चुलीपुढं बसायची, हे पाटावर बसायचे, खिशात टिंग व्हायची आणि आक्का बोलतच राहायची. ऐकू न आल्यासारखं करायची. भावाला लागतंय ना, नेऊ दे, एवढंच तिच्या मनात असायचं. तिनं आजवर त्याला कशाला नको म्हटलं नव्हतं.

आणि एका सकाळी भाच्याचा, कृष्णातचा, फोन आला. “मामा, आबा गेलं.”

ज्ञानदेव झोपेतच गेले होते. हंबीरराव आणि संयोगिता तसेच निघाले. गारगोटीच्या रस्त्यानं गाडी चालवताना हंबीररावांना आक्काच्या काळजीनं काही सुचत नव्हतं. हे सांगायलाच पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यावरनं कुणालाही वाटेल की या माणसाला काळीजच नव्हतं. होतं. भरपूर होतं.

बिद्रीत दारापुढं माणूस मावत नव्हतं. मैत अंगणात आणून ठेवलेलं आणि सगळे खोळंबलेले. भाऊ आल्याशिवाय उचलायचं नाही, ही त्या घरची रीत. बाई सकाळपासनं रडलेली असते, पण ते सासरच्या माणसांपुढचं रडणं. भाऊ दारात दिसल्यावर त्याच्या गळ्यात पडून जे बाहेर येतं ते निराळं. त्यात ती नवऱ्याशी बोलते, त्याच्याशी भांडते, जन्मात कुणापुढं काढलं नाही ते काढते. आजूबाजूच्या बायका ऐकतात आणि पुन्हा कधी, कुठं, त्यातलं अक्षर तोंडातनं काढत नाहीत. ते फक्त त्या घटकेचं असतं.

हंबीरराव दारात दिसले तशी आक्का उठली, चार पावलं धडपडत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तिचं कपाळ बरोबर त्यांच्या छातीवर.

“आला गं माझा भाऊ. वो, उठा की. हंबीर आलाय न्हवं. पावणं दारात आल्यावर असं निजून ऱ्हात्यात व्हय? चा ठेवतो मी, दोघं मिळून घ्या. उठा की वो.”

बायका हुंदके द्यायला लागल्या. हंबीररावांच्याही डोळ्यांना धार लागली. डाव्या हातानं त्यांनी आक्काची पाठ धरली होती. मग तिचा आवाज एकदम खाली आला, फक्त त्यांना आणि मागं उभ्या असलेल्या संयोगिताला ऐकू येईल इतका.

“लई छळलं मी तुमास्नी. कवा उलटून बोलला न्हाईसा. त्या सोमवारी मी तुमास्नी जे बोललो...”

असलं बोलणं आक्काच्या तोंडनं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत नवऱ्याबद्दल असं एक वाक्य नाही. आणि खोटं कशाला सांगा, त्या क्षणी रडता रडता हंबीररावांना आनंद झाला. मोठं काही हाताला लागतंय, असा आनंद. उजवा हात आपोआप वर गेला. तिच्या कपाळाच्या आणि आपल्या छातीच्या मधनं दोन बोटं खिशात शिरली.

टिंग.

आक्काचं रडणं तिथंच थांबलं. पुढचा हुंदका घशापर्यंत आलेला, तो तिनं गिळलेला त्यांना कळला. तिनं डोकं उचललं. तिच्याच आसवांनी भिजलेल्या पातळ सुती कापडातनं मोबाईलचा उजेड दिसत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग भावाच्या तोंडाकडं बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

“उचला आता,” ती सरळ आवाजात म्हणाली. “ऊन चढाय लागलंय.”

आणि जाऊन भिंतीला टेकून बसली. शेजारची म्हातारी धोंडुबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, “तानाबाई, रड गं. आत ठेवू नगंस. भाऊ आलाय न्हवं?” आक्का म्हणाली, “झालं की रडून.” तिरडी उचलली, वेशीकडं निघाली, बायकांनी हंबरडा फोडला. आक्का कोरड्या डोळ्यांनी बघत बसली होती.

परतताना गाडीत संयोगिता बोलत नव्हती. तिचा आवाज बंद झाला म्हणजे घरात काय होतं ते हंबीररावांना माहीत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आक्कांना ऐकू गेलं. मलाबी गेलं.”

“सवय गं ती. हात आपोआप गेला.”

“व्हय. आपोआपच गेला असंल,” ती म्हणाली. “तेच तर.”

घरी आल्यावर त्यांनी मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यात बायकांचे हुंदके होते, कुणीतरी दोरी मागत होतं आणि आक्काचं ‘उचला आता’ होतं. ज्याच्यासाठी बटण दाबलं ते टिंगच्या आधी बोलून झालं होतं, आणि टिंगनंतर ती पुढचं बोलली नव्हती. त्यांनी ते पुसून टाकलं. पुसल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसलं काही झालं नाही.

उत्तरकार्याला ते माहेरची साडी घेऊन गेले. आक्कानं साडी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, “बसा. जेवल्याबिगार जायाचं न्हाय.” वाढायला स्वतः आली. आग्रह करून करून वाढलं. हंबीरराव ताटावर मान खाली घालून घास गिळत होते आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, हिनं उठून एक थोबाडीत द्यावी. लहानपणी द्यायची तशी.

निघताना कृष्णात गाडीपर्यंत आला. “मामा, आई आजून रडली न्हाय. जेवलास काय, धारा काढल्या काय, एवढंच बोलती. झोप न्हाय. बीपी चढलाय, डॉक्टर म्हणत्यात हे आत दाबून ठेवलंय ते भाईर पडाय पायजे. तुमच्याजवळच बोलती ती पहिल्यापासनं. एकदा निवांत येऊन बसा की तिच्यापाशी.” बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. हंबीरराव येतो म्हणाले.

पुढच्या रविवारी वर्गात राजनंदिनी खुशीत होती. ड्रेसला आतनं खिसा शिवून घेतला होता आणि आजी बिनधास्त बोलली होती. तिनं थोडं ऐकवलंही. म्हातारी आपल्या मेलेल्या लेकराविषयी बोलत होती. वर्ग सुन्न होऊन ऐकत होता. हंबीररावांना सांगायचं होतं, की बाई, आजीला आजच्या आज जाऊन सांग, पाहिजे तर पुसून टाक, तो खिसा उसव. तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते असे, “छान. आता याची कार्डं कशी करायची ते बघू.” घरी आले आणि जेवले नाहीत. संयोगितानं विचारलं तर म्हणाले, “मी मूर्ख माणूस आहे.” ती नाही म्हणाली नाही.

मग एक दिवस त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, कार्डं ठेवली, पेनसुद्धा ठेवलं आणि गाडी काढली. घरच्या बिनखिशाच्या टी-शर्टवरच निघाले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. ‘आक्का, माझं चुकलं’ असं सुरू करायचं, तिचे पाय धरायचे आणि ती रडेपर्यंत उठायचं नाही. दुसरं काही नको होतं त्यांना. आक्कानं एकदा, फक्त एकदा, त्यांच्यापुढं रडावं. पुन्हा लिहिणं झालं नाही तरी चालेल, इथपर्यंत मनाची तयारी झाली होती.

आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. “ये. बस,” म्हणाली. चहा आणला. वाळली होती. गळ्यातलं मंगळसूत्र गेलं होतं, तिथं हात सारखा जायचा आणि मोकळा परत यायचा.

“आक्का, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“त्या दिवशी. तू रडत हुतीस, आणि मी...”

“असू दे रं,” ती म्हणाली. “तुझं कामच हाय ते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. कारखान्यातली नोकरी, शेतातली भांगलण, तसं भावाचं हे काम, एवढंच. हंबीररावांना वाटलं, ही भांडली असती तर किती बरं झालं असतं. भांडायलासुद्धा माणूस आपलं लागतं.

आक्का उठली. फळीवरनं उत्तरकार्याच्या उरलेल्या पत्रिका काढल्या. एका बाजूला छापलेल्या, दुसऱ्या बाजूला कोऱ्या. डेअरीच्या पुस्तकाला दोऱ्यानं बांधलेलं पेन सोडवलं आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं. मग समोर बसून पदर नीट केला.

“कृष्णात म्हणला तू येणार हाईस. सगळं ठरवून ठेवलंय मी. मी सांगतो, तू लिही.”

“मी लिहाय न्हाय आलो आक्का. मोबाईलबी घरात ठेवलाय.”

आक्का बघतच राहिली. तिला खरंच कळेना.

“मग कशाला आलास?”

हंबीरराव आठवायला लागले, की हातात किंवा खिशात काही न घेता आपण हिच्या दारात याआधी कधी आलो होतो. आठवेना.

“तुझ्यापाशी बसाय आलोय,” शेवटी ते म्हणाले. “आक्का, रड गं एकदा. मी हाय की.”

“रडणं काय बोलवून येतंय व्हय हंबीरा?” आक्का म्हणाली. “भाऊ दारात आल्यावर यायचं ते आलतं. वरपातूर आलतं. गेलं माघारी.”

“त्या सोमवारी काय झालतं, आक्का?”

तोंडातनं निघून गेलं. आणि विचारता विचारता त्यांच्या लक्षात आलं, की हे भाऊ विचारतोय का तो खोकी भरणारा माणूस, हे त्यांचं त्यांनाच सांगता येणार नाही. आक्कानं त्यांच्याकडं नीट बघितलं. तिला बहुतेक सांगता आलं असतं.

“सोमवारचं काय न्हाय,” ती म्हणाली. “पेन घे.”

त्यांनी पेन घेतलं. आक्का ताठ बसली, घसा साफ केला आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी बोलायला लागली.

“कै. ज्ञानदेव हे अत्यंत शांत व मनमिळाऊ स्वभावाचे होते.”

हंबीररावांनी चमकून वर बघितलं. चुलीपुढं बसून सगळ्या गावाला तोंडात घोळवणारी, तीन पुस्तकं जिच्या बोलण्यावर उभी राहिली ती त्यांची आक्का पत्रिकेतली भाषा बोलत होती. एक-एक शब्द सुटा, मध्ये लिहायला जागा सोडून. आणि पेन हलत नाही म्हणून ती थांबून राहिली होती. घाई नव्हती तिला. हा लिहील तेव्हा पुढचं.

त्यांना वाटलं, पेन फेकून द्यावं, तिला गदागदा हलवावं, म्हणावं, आक्का, मला शिवी दे, पण तुझं तू बोल. पण तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा समाधान दिसत होतं. भावाला लागतं ते त्याला देतोय, तेही यावेळी नीट, पुसून-पासून, एवढंच समाधान. ते काढून घेतलं तर हिच्याशी बोलायचं तरी कशाबद्दल, हे त्यांना कळेना. त्यांनी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली.

“मनमिळाऊ लिहिलंस?” आक्कानं वाकून बघितलं.

“लिहिलं.”

“त्यांनी कारखान्यात इमाने इतबारे नोकरी केली.”

पाणी डोळ्यांतनं नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं, तरी हंबीररावांनी पुसायला हात उचलला नाही. हात उचलला असता तर लिहिणं थांबलं असतं, आणि लिहिणं थांबलं की आक्का गप्प बसत होती.

“पुढं सांगू?” तिनं विचारलं.

“सांग,” ते म्हणाले.